पास देणाऱ्याकडे बोट



1965 सालचा जानेवारी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ वेक फॉरेस्टकडून 107–85 असा सपाटून मार खाऊन घरी परतला. चॅपल हिल गावात विद्यापीठाच्या जिमपाशी बस थांबली, तर समोरच्या झाडाला एक पुतळा लटकत होता, गळ्यात फास अडकवलेला. विद्यार्थ्यांनी आपल्याच प्रशिक्षकाला फाशी दिली होती! लांब नाकावरून पुतळा आपलाच आहे हे ओळखलं, असं त्या प्रशिक्षकांनी पुढे सांगितलं. बिली कनिंगहॅम हा संघातला सर्वांत मोठा खेळाडू तणतणत बसमधून उतरला आणि त्यानं तो पुतळा ओढून खाली काढला.

प्रशिक्षकांचं नाव डीन स्मिथ. वय तेव्हा तेहतीस, मुख्य प्रशिक्षक म्हणून चौथं वर्ष.

आज मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे, आणि त्यांच्याहून थोडं जास्त त्यांच्या चाहत्यांबद्दल. कारण 7 फेब्रुवारी 2015 रोजी स्मिथ वारले, तेव्हा त्यांचा पुतळा टांगणारं हेच गाव पोरकं झालं. चाहत्यांचं प्रेम असं पालटतं कसं, आणि माणूस गेल्यावर त्यांच्या हाती काय उरतं, हे या गोष्टीत फार स्वच्छ दिसतं.

कॉलेजच्या प्रशिक्षकाचं एवढं काय कौतुक, असा प्रश्न आपल्याला पडणारच. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा कधी सुरू झाली आणि कधी संपली हे खेळाडूंच्या घरच्यांनाच ठाऊक असतं. नॉर्थ कॅरोलिनात मात्र एनबीएचा संघ आला तोच मुळी 1988 मध्ये. तोवर त्या राज्याचं सगळं वेड विद्यापीठांच्या संघांवर उधळलेलं होतं. चॅपल हिल, ड्यूक, एन. सी. स्टेट आणि वेक फॉरेस्ट हे चार हाडवैरी एकाच राज्यात. त्यातही चॅपल हिल आणि ड्यूक यांच्यातलं अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. खेळाडू तीन-चार वर्षांत निघून जातात, प्रशिक्षक राहतो. स्मिथ 1961 ते 1997 असे छत्तीस हंगाम राहिले. कोल्हापुरात मल्ल येतात आणि जातात, पण तालीम वस्तादाच्या नावानं ओळखली जाते, तशातलाच हा प्रकार. रॅली, कॅरी या शेजारच्या शहरांत आता मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. चॅपल हिलचा फिकट निळा की ड्यूकचा गडद निळा, हा प्रश्न त्यांच्याही घरात शिरला असेल.

घराणं म्हणाल तर थेट गंगोत्रीपाशी पोचणारं. 1891 मध्ये बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात आले. तिथं त्यांच्या हाताखाली फॉग ॲलन तयार झाले आणि ॲलन यांच्या हाताखाली डीन स्मिथ. 1952 साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या कॅन्ससच्या संघात स्मिथ होते. बेंचवर बसणारे खेळाडू होते, हेही सांगायला हवं. बेंचवरून खेळ कसा दिसतो हे त्यांना चांगलं माहीत होतं, आणि पुढे त्यांनी जे काही केलं त्यात मला ते सारखं जाणवतं.

आकडे उरकून टाकतो. 879 विजय, दोन राष्ट्रीय विजेतेपदं 1982 आणि 1993 सालची, अंतिम चार संघांत अकरा वेळा प्रवेश, 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला सुवर्णपदक. निवृत्तीच्या वेळी त्यांच्याइतके विजय पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या कुणाही प्रशिक्षकाच्या नावावर नव्हते. नंतर तो विक्रम मोडला, पण चॅपल हिलच्या माणसाला बोलतं करा, तो आकड्यांपासून सुरुवात करत नाही.

तो सुरुवात करतो बोटापासून. स्मिथ यांच्या संघात नियम होता: बास्केट केलीस, तर ज्यानं पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं. टाळ्या घेणाऱ्यानं त्या वाटून घ्यायच्या. खेळाडू बदली होऊन बाहेर आला की अख्ख्या बेंचनं उभं राहायचं, मग तो कसाही खेळलेला असो. दमलास तर मूठ वर करायची. ज्यानं स्वतः होऊन मूठ वर केली, त्यानं दम खाल्ला की पुन्हा मैदानात कधी उतरायचं हे तोच ठरवणार. आणि हंगामातल्या शेवटच्या घरच्या सामन्यात अखेरच्या वर्षाच्या मुलांनी सुरुवात करायची. चार वर्षं पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा मुलगाही त्या दिवशी पहिल्या पाचांत. प्रेक्षकांना हे सगळं दिसत होतं, म्हणून ते त्यांच्याही अंगवळणी पडलं. शेवटच्या मिनिटाला उतरणाऱ्या अकराव्या-बाराव्या खेळाडूचं नाव तिथल्या गॅलरीला पाठ असतं. अशी गॅलरी एका दिवसात घडत नाही.

आता थोडं आपल्या बिरादरीचं, म्हणजे रेडिओचं. वुडी डरहॅम हे 1971 पासून चाळीस वर्षं या संघाचं रेडिओवरचं धावतं वर्णन करत. टीव्ही आला, रंगीत झाला, तरी तिथली घरं टीव्हीचा आवाज बंद करून डरहॅम यांचा रेडिओ लावायची. सामना अगदी कोंडीत सापडला की ते श्रोत्यांना सांगत, जिथं जाऊन बसता तिथं जा आणि जे करता ते करा. ज्याचा जो तोडगा असेल तो त्यानं करावा. शेवटची षटकं चालू असताना खुर्चीवरून कुणाला हलू न देणारी घरं आपल्याकडेही आहेत, तेव्हा अधिक सांगायला नको.

2 मार्च 1974 च्या दुपारी बरेच तोडगे झाले असणार. समोर ड्यूक. सतरा सेकंद शिल्लक आणि ड्यूक 86–78 असा आठ गुणांनी पुढे. तीन गुणांची रेषा त्या काळी नव्हती. काही प्रेक्षक घराकडे निघालेही होते. स्मिथ यांनी टाइमआउट घेतला आणि पुढे काय करायचं हे पाढे शिकवावेत तसं मुलांना समजावलं. पाठोपाठ बास्केट झाल्या, ड्यूककडून चुका झाल्या, आणि शेवटच्या क्षणी वॉल्टर डेव्हिस या पहिल्या वर्षाच्या पोरानं खूप लांबून फेकलेला चेंडू बोर्डावर आपटून आत गेला. बरोबरी! जादा वेळेत 96–92 असा विजय. दाराबाहेर पडलेल्यांनी पुढे जन्मभर ‘मी आतच होतो’ असं सांगितलं असेल, असा माझा दाट संशय आहे.

पण चाहते सोयीचं तेवढं लक्षात ठेवतात. स्मिथ यांचा खेळ नेहमी नेत्रदीपक नसे. ‘फोर कॉर्नर्स’ हा त्यांचा डाव प्रसिद्ध होता: चार खेळाडू चार कोपऱ्यांत, मधे फिल फोर्डसारखा चपळ मुलगा चेंडू खेळवत बसलेला, आणि आघाडी असेल तर घड्याळ संपेपर्यंत बास्केटकडे फिरकायचंच नाही. 1982 मध्ये व्हर्जिनियाविरुद्ध एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात या डावाच्या जोरावर ते 47–45 असे जिंकले आणि टीव्हीवर पाहणारा देश जांभया देत वैतागला. 1985–86 च्या हंगामापासून कॉलेज बास्केटबॉलमध्ये देशभर शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक वेळेत बास्केटकडे चेंडू फेकायची सक्ती आली, त्यामागे या वैतागाचा वाटा मोठा आहे. त्याच 1982 च्या वसंतात मायकेल जॉर्डन या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या फेकीनं जॉर्जटाउनला 63–62 असं हरवून त्यांना पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. मग जांभयांची आठवण कोण ठेवतो?

आता जे सांगणार आहे ते स्मिथ यांना स्वतःला सांगायला आवडत नसे. दक्षिणेतलं राज्य, वंशभेदाचा काळ. स्मिथ तेव्हा मदतनीस प्रशिक्षक होते, नोकरी नवी. चॅपल हिलमधल्या ज्या उपाहारगृहात संघ जेवायचा, तिथं कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. चर्चचे पाद्री रॉबर्ट सेमूर आणि एक कृष्णवर्णीय विद्यार्थी यांना बरोबर घेऊन स्मिथ तिथं जाऊन बसले आणि जेवण मागितलं. जेवण मिळालं. पत्रकार जॉन फाइनस्टाइन यांनी पुष्कळ वर्षांनी हा विषय काढला, तेव्हा सेमूर यांनी हे तुम्हाला सांगायला नको होतं, असं स्मिथ म्हणाले. योग्य वागलो याचा अभिमान कसला, असा त्यांचा सूर होता. मूळ घरचंच होतं. वडील ॲल्फ्रेड स्मिथ यांच्या एम्पोरिया हायस्कूलच्या संघात 1934 साली एक कृष्णवर्णीय मुलगा खेळला आणि तो संघ कॅन्ससचा राज्य विजेता ठरला.

1966 मध्ये स्मिथ यांनी चार्ली स्कॉटला आणलं. या विद्यापीठाची खेळाची शिष्यवृत्ती मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. साउथ कॅरोलिनातल्या एका सामन्यानंतर प्रेक्षकांतून कुणी तरी त्याला अर्वाच्य शिवी हासडली. शिवराळपणा ज्यांच्या तोंडी कधी आला नाही असे स्मिथ त्या माणसाच्या अंगावर धावून गेले, मदतनिसांना त्यांना धरून मागे ओढावं लागलं, असं स्कॉट यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. मला इथं एक खटकतं. आज हा प्रसंग अभिमानानं सांगणाऱ्या चाहत्यांपैकी किती जणांचे वाडवडील त्या काळी स्कॉटला घरी जेवायला बोलावत होते? आठवणींतून असे प्रश्न गळून पडतात.

अजून एक गळतं. 1993 ते 2011 या काळात त्या विद्यापीठात नावापुरते वर्ग चालवून खेळाडूंसह हजारो विद्यार्थ्यांना गुण वाटले गेले, हे 2014 च्या चौकशीत उघड झालं. त्यातली पहिली काही वर्षं स्मिथ यांच्या कारकिर्दीतली. अहवालानं दोष त्यांच्या माथी मारलेला नाही. तरी ‘आमची मुलं शिकून बाहेर पडतात’ हा त्या संघाचा डौल होता आणि त्याला तडा गेला. चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही. पण ज्या माणसावर प्रेम केलं त्याच्या घराची पडझडही बघायला हवी.

स्मिथ यांची स्मरणशक्ती जबर होती. जुन्या खेळाडूंच्या बायकामुलांची नावं त्यांना तोंडपाठ असत. निवृत्तीनंतरही नोकरी, घटस्फोट, आजारपण, काहीही असलं की मुलं त्यांनाच फोन करत. 2010 मध्ये कुटुंबानं जाहीर केलं की त्यांना स्मृतिभ्रंशाच्या जातीचा आजार आहे: प्रत्येक खेळाडूचं नाव त्यांना आता चटकन आठवेलच असं नाही, पण म्हणून त्यांची माया कमी झालेली नाही. 2013 च्या नोव्हेंबरात ओबामांनी त्यांना राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक दिलं, ते पत्नी लिनिया यांनी स्वीकारलं.

ते गेले त्यानंतर अकरा दिवसांनी ड्यूकच्या मैदानावर सामना होता. सुरुवातीआधी दोन्ही संघ मिसळून, वर्तुळ करून गुडघ्यांवर बसले. हाडवैऱ्यांच्या त्या हॉलमध्ये चिडीचूप शांतता. मग 21 फेब्रुवारीला घरच्या मैदानावर जॉर्जिया टेकविरुद्ध सामना सुरू होताच प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांनी चार बोटं वर केली. रॉय हे स्मिथ यांचेच जुने मदतनीस. मुलं चार कोपऱ्यांत गेली, चेंडू खेळवला, आणि मार्कस पेजच्या पासवर ब्राइस जॉन्सननं बास्केट केली. ज्या डावानं देशाला जांभया आल्या, त्यासाठी त्या दिवशी अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. तो हॉलही स्मिथ यांच्याच नावाचा. नाव द्यायला त्यांचा विरोध होता, त्यांचं कुणी ऐकलं नाही.

मार्च महिन्यात त्यांच्या सुमारे 180 जुन्या खेळाडूंच्या घरी टपालानं एकेक चेक आला. स्मिथ यांनी मृत्युपत्राच्या व्यवस्थेत तशी सूचना करून ठेवली होती: माझ्यातर्फे बाहेर कुठं तरी छान जेवून या. जॉर्डनला आणि चार वर्षांत दोन-चार मिनिटं खेळलेल्या मुलाला रक्कम सारखीच होती, प्रत्येकी दोनशे डॉलर.