मुलांचा कायदा आणि आपलं गप्प बसणं

रविवार असूनही, कोणी रात्रपाळी उरकून तर कोणी झोप मोडून आलात, आभार. जे कामावर अडकलेत त्यांच्यासाठी हे बोलणं इथे लिहून देतोय.

मुलांच्या रक्षणासाठी कायदा बदलावा का, असं विचारलं तर कोण 'नाही' म्हणेल? पण आयर्लंडमध्ये खरोखर विचारलं गेलं, तेव्हा काय झालं ते ऐका.

१० नोव्हेंबर २०१२ ला इथे मुलांच्या हक्कांसाठी राज्यघटना बदलायची का, यावर सार्वमत झालं. तोवर घटनेत कुटुंबाला मोठा मान होता, मुलांसाठी वेगळं कलम नव्हतं. बाजूने ५८ टक्के मतं पडली. पण मतदानाला आले किती? शंभरातले जेमतेम ३३. विरोधक म्हणत होते, सरकार घरात घुसेल, आईबापाला किंमत उरणार नाही. यावर हसू नका. आपल्यातल्या कित्येकांना हीच धास्ती असते.

मग बदल हवा तरी कशाला होता? त्याचं एक उत्तर आपल्या कॉर्कमध्येच आहे. किन्सेलजवळ डंडेरो नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत १९७३ मध्ये लुईझ ओ'कीफ या लहान मुलीवर मुख्याध्यापकाने अत्याचार केले. त्याच्याविरुद्ध १९७१ मध्येच एका पालकाने तक्रार केली होती, ती पुढे गेलीच नाही. मोठेपणी लुईझबाई सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या. सरकार म्हणालं, शाळा आम्ही चालवत नाही. २००८ मध्ये त्या इथल्या सुप्रीम कोर्टातही हरल्या. त्या स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या आणि २८ जानेवारी २०१४ ला जिंकल्या. मुलांना वाचवणं ही सरकारची जबाबदारी होती आणि ती पार पाडली नाही, असा निकाल लागला. एका पालकाची तक्रार दाबली गेली, त्याची किंमत पोरींनी मोजली. हे लक्षात ठेवा.

सार्वमताचा निकाल कोर्टात अडकला होता. एप्रिल २०१५ मध्ये ते कलम घटनेत आलं. त्यात शब्द आहेत 'सर्व मुलं'. आयरिश मुलं असं लिहिलेलं नाही. तुमचं मूल पुण्यात जन्मलेलं असो की कॉर्कच्या दवाखान्यात, परमिट कुठलंही असो, ते त्यात आलं.

दुसरी बाजूही सांगतो. जून २००४ मध्ये, इथे जन्मलेल्या परदेशी लोकांच्या मुलांना आपोआप नागरिकत्व नको, यासाठी सार्वमत झालं. त्या दिवशी इतर निवडणुकाही होत्या हे खरं, पण ६० टक्के लोक आले आणि ७९ टक्क्यांनी होकार दिला. म्हणजे लोकमत दोन्हीकडे झुकतं. म्हणून मिळालेला हक्क माहीत असणं आपल्याला जास्त गरजेचं.

आता आपल्या घरातलं बोलू.

एक: 'दोन चापट्या दिल्या तर काय बिघडतं?' डिसेंबर २०१५ पासून 'पोराला वळण लावायला मारलं' हा बचाव आयर्लंडच्या कायद्यात उरलेला नाही.

दोन: मुलावर गंभीर अत्याचार झाल्याचं कळलं आणि योग्य कारणाशिवाय गार्डाला सांगितलं नाही, तर २०१२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. नर्स, शिक्षक, पाळणाघरातले कर्मचारी यांच्यावर डिसेंबर २०१७ पासून तुस्लाला कळवायची जबाबदारी आहे. हे गोऱ्यांचे नियम, असं म्हणू नका. आपल्याकडचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, इथल्या मतदानानंतर चारच दिवसांनी. त्यातही माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारक आहे.

तीन: 'तक्रार केली की पोरं उचलून नेतात.' तसं होत नाही. आईबापाची संमती किंवा कोर्टाचा हुकूम लागतो. तातडीचा गंभीर धोका दिसला तर गार्डा मुलाला लगेच हलवू शकतात, पण मग मूल परत दिलं नाही तर तीन दिवसांच्या आत प्रकरण कोर्टापुढे न्यावं लागतं. तिथे वकील मागा, दुभाषी मागा. लीगल एड बोर्डाकडे अर्ज करता येतो. कॉर्कमधली 'नास्क' ही संस्था परदेशी लोकांना हक्कांबाबत सल्ला देते.

आपण चार-पाच जण एका घरात राहतो, पाळ्या वेगवेगळ्या असतात. मूल कधी खोलीतल्या सोबत्याकडे, कधी ओळखीच्या वहिनींकडे ठेवावं लागतं. यात लाज नाही, भाडंच तसं आहे. पण पोर एखाद्या माणसाकडे जायला घाबरू लागलं, तर 'आपलाच माणूस आहे, गावाचं नाव जाईल' म्हणून विषय झाकू नका. आधी पोराचं ऐका. त्याला रागावू नका, खोदून खोदून विचारू नका. मग तुस्लाला किंवा गार्डाला कळवा. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर आपल्यातल्या कोणालाही सोबत घ्या. आम्ही येऊ.

शेवटचं. सार्वमतात फक्त इथल्या नागरिकांना मत देता येतं. पण नगरपालिका आणि काउंटीच्या निवडणुकीत इथे राहणारा अठरा वर्षांवरचा कोणीही मत देऊ शकतो, पासपोर्ट भारताचा असला तरी. मतदार यादीत नाव नसेल तर या आठवड्यात नोंदवा. उमेदवार दारात आला की विचारा, 'आमच्या मुलांसाठी काय करणार?' ३३ टक्क्यांच्या बाहेर राहिलेल्यांत आपली भर नको.