अनुक्रमणिका आणि नक्षत्रे

वाळवा, शिराळा, पलूस, कराड या भागांतून आलेल्या माझ्या विज्ञान शिक्षक बंधू-भगिनींनो,

अध्यक्षीय भाषण म्हटलं की विज्ञानाची महती, चांद्रयान आणि शेवटी टाळ्या, हा रस्ता ठरलेला असतो. आज मी त्या रस्त्यानं जाणार नाही. पंधरा जूनला शाळा भरेल आणि त्याआधी आपल्यापैकी प्रत्येकाला एक कागद भरून द्यायचा आहे : सहावी ते आठवी, सामान्य विज्ञान, वार्षिक नियोजन. तो कसा भरला जातो, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. पुस्तकाची अनुक्रमणिका उघडायची, पाठ महिन्यांत वाटायचे, दिवाळीच्या सुट्टीपाशी रेघ मारायची, मुख्याध्यापकांची सही घ्यायची. काही ठिकाणी तर गेल्या वर्षीच्याच फाइलवर फक्त साल बदलतं. मला बोलायचं आहे ते या कागदाविषयी.

सातवीचं सध्याचं पुस्तक घ्या. वीस पाठ. त्यातला आठवा ‘स्थितिक विद्युत’. अनुक्रमणिकेनं गेलं तर तो सप्टेंबरात येतो. बाहेर पावसाची झड, वर्गात ओलसर हवा, भिंतींना ओल. आपण मोठ्या उत्साहानं प्लॅस्टिकची फणी केसांवर घासतो, कागदाच्या कपट्यांजवळ नेतो आणि कपटे जागचे हलत नाहीत. हवेत बाष्प असलं की भार टिकत नाही, निसटून जातो. (डोक्याला चपचपीत तेल असेल तर बघायलाच नको.) मग आपण म्हणतो, ‘हलायला हवे होते असं समजा.’ विज्ञानाच्या तासाला ‘असं समजा’ म्हणायची पाळी आली की पोरं काय ते समजून जातात. हाच पाठ जानेवारीत घ्या. कोरडी थंडी पडलेली असते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, प्रयोग मुलांच्या अंगावरच सुरू झालेला असतो.

आता ‘आपत्ती व्यवस्थापन’ पाहा. सातवीत तो दहावा पाठ, आठवीत नववा. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. आपल्याकडे कृष्णा-वारणेचं पाणी चढतं ते जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तिथली धोका पातळी 45 फूट आहे. 2005 आणि 2021 चे पूरही आपण पाहिलेत. पूर ओसरून घरं धुऊन झाली की आपण मुलांना पूर आल्यावर काय करावं ते शिकवतो! हा पाठ जुलैच्या पहिल्या आठवड्यात यायला हवा. पातळी फुटांत मोजतात म्हणजे कुठून मोजतात, कोयनेतून क्युसेकनं पाणी सोडलं म्हणजे किती सोडलं, हे मुलांनी बातमी यायच्या आत शिकलेलं असावं. आठवीतला भूकंपाचा भाग मात्र मी वेगळा काढेन आणि 11 डिसेंबरला घेईन. 1967 साली त्याच तारखेच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. घरातली म्हातारी माणसं अजून त्याबद्दल बोलतात. आणि इथून जवळच, कराडजवळ हजारमाचीच्या प्रयोगशाळेत, कोयना परिसरात जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन तिथल्या भूकंपांचा अभ्यास चालला आहे. अशी जागा उशाला असताना आपण जपानचं उदाहरण देतो, याचं मला नवल वाटतं.

सगळीकडे पुस्तकच चुकतं, असं मी म्हणत नाही. आठवीचा पहिलाच पाठ सूक्ष्मजीवांचा आहे आणि तो जूनमध्ये फक्कड बसतो. ओल्या भाकरीच्या तुकड्यावर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते. पुस्तक साऱ्या महाराष्ट्रासाठी लिहिलेलं असतं. गडचिरोलीला, रत्नागिरीला आणि वाळव्याला एकच अनुक्रमणिका. स्थानिक वेळापत्रक बसवण्याचं काम तिथं मुद्दामच आपल्यावर सोडलेलं आहे, असं मी धरून चालते.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो ताऱ्यांवर. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही इयत्तांत आकाशाचा पाठ शेवटचा. तो येतो मार्चअखेर, परीक्षेच्या धांदलीत, आणि ‘घरी वाचून या’ म्हणून संपतो. मी तो जानेवारीत घ्यायला सांगते. संध्याकाळी साडेसात-आठला मुलांना अंगणात उभं केलं की पूर्वेला मृग दिसतो, त्याच्या पोटातलं तिकांडं दिसतं, मागून व्याध येतो, आणि डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका. शेतकऱ्याच्या घरात मृग सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो जूनचा. मग कुणीतरी पोरगं विचारतंच : ‘बाई, मृग तर पेरणीच्या वेळी निघतो, मग थंडीत कसा दिसतो?’ वर्षभराच्या शिकवण्याचं सार या एका प्रश्नात आहे. 7-8 जूनला मृग ‘निघतो’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो. सूर्य तिथं असताना ते तारे दिवसा आकाशात असतात, म्हणून दिसत नाहीत. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला गेलेली असते आणि तेच तारे रात्री समोर येतात. परिभ्रमण शिकवायला याहून चांगलं साधन कुठलं? आजोबांचं पंचांग आणि शाळेचं पुस्तक या एका जागी एकमेकांना भेटतात.

परिभ्रमणावरून काठीची गोष्ट सांगते, कारण ती वर्षभराची आहे. एक मीटरची सरळ काठी मैदानात उभी करा. आपण साधारण सतरा अंश उत्तर अक्षांशावर आहोत. आपली खरी माध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होते; का, तेही शिकवता येतं. 22 डिसेंबरला त्या वेळी काठीची सावली साधारण 85 सेंटिमीटर पडते. 21 मार्चला ती 31 सेंटिमीटरवर येते. आणि जूनमध्ये शाळा भरते तेव्हा? ढगांतून ऊन मिळालं तर जेमतेम 11 सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेला! सावली उत्तरेलाच पडते असं मानणाऱ्या मुलाला तिथं धक्का बसतो. मे महिन्याच्या 8 तारखेच्या सुमारास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे सावली क्षणभर नाहीशीच होते. पहिल्या वेळी सुट्टी, दुसऱ्या वेळी ढग, हे आपलं नशीब. पण दर महिन्याला एक माप, एकाच वहीत, असा आलेख जून ते एप्रिल चालला, तर मुलाच्या हाती स्वतः मिळवलेली माहिती असते. पावसाचं मापही तसंच. शिराळ्याच्या पश्चिमेला कोसळणारा पाऊस आणि जत-आटपाडीकडची रिमझिम एकाच जिल्ह्यात आहे. तिकडच्या शाळेशी आकडे अदलाबदल करायला पोस्टकार्डही पुरेल.

आता उसाकडे येते. सातवीत ‘बदल : भौतिक व रासायनिक’ आणि ‘मूलद्रव्ये, संयुगे आणि मिश्रणे’ हे पाठ पुस्तकाच्या क्रमानंही हंगामातच येतात. तेवढं दैव आपल्या बाजूला आहे. त्याचा फायदा घ्यायचा. मुलांना साखर कारखाना दाखवायला नेतात ते ठीक, पण तिथं सगळं नळ्यांच्या आत चालतं. मी गुऱ्हाळ पसंत करते. काहिलीत रस उकळतो, खाली चुलवाणात चिपाडं जळतात. भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि झाऱ्यानं काढली जाते. पाक दाट होतो, फुगे मोठे होतात, वास बदलतो. गुळव्या थर्मामीटर बघत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी करतो आणि ‘उतरवा’ म्हणतो. तेव्हा पाक साधारण 118 अंश सेल्सिअसला असतो. इथं एक सावधगिरी : शाळेतला तापमापक 110 अंशांपर्यंतचा असतो. तो काहिलीत बुडवलात तर फुटेल. मुलांना आधी हेच विचारा : पाणी 100 अंशांना उकळतं, मग हा पाक 118 पर्यंत कसा गेला? उत्तर सांगण्याची घाई करू नका. परत येईपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्यावर भांडण होऊ द्या.

आठवीचा ‘आम्ल, आम्लारी ओळख’ आपल्या मातीसाठीच लिहिलाय असं वाटावं. पाणी जास्त झालं आणि जमिनी क्षारपड झाल्या, हे कृष्णाकाठचं जुनं दुखणं. मुलं दोन शेतांतली माती आणतात, ती ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून निवळू देतात आणि त्यात हळदीचा कागद बुडवतात. हळद तर सांगलीचीच! माती चांगलीच चोपण असेल, तर कागद लालसर होतो. नुसत्या खारवट जमिनीत बहुधा होत नाही. तेव्हा ही परीक्षा ढोबळ आहे, माती परीक्षणाच्या अहवालाला पर्याय नाही, हेही त्याच तासाला सांगायचं.

हंगामात ऊसतोडणी कामगारांची मुलं आपल्या शाळांत येतात, काही महिने राहतात आणि मार्चनंतर परततात. त्यांच्या गावच्या शाळेत कुठवर शिकवलं, हे आपल्याला कळत नाही. अनुक्रमणिकेच्या क्रमानं चालणाऱ्या वर्गात ती मुलं कायम मागं राहतात. गुऱ्हाळापुढं मात्र ती पुढं असतात. ऊस कोयत्यानं किती खालून तोडायचा, पाचट कुठं जातं, वाढं कुणाला, हे त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

हे सगळं नवीन आहे असा माझा दावा नाही. मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांपासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, सहावी ते आठवीसाठीच. प्रयोग करून शिकायचं, परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा. 2002 मध्ये सरकारनं तो बंद केला. त्यांच्याकडून मला घ्यावीशी वाटते ती एक साधी गोष्ट : शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून कुठला प्रयोग फसला ते सांगत. आपल्याकडे शिक्षण परिषद भरते, पण तिथं परिपत्रकंच जास्त वाचली जातात.

तुमची शंका मला माहीत आहे : क्रम बदलला तर चाचणीचं काय? राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या आहेत, विज्ञान त्यांत नाही. अडतो तो तालुक्याचा, नाही तर संस्थेचा सामाईक पेपर. मग क्रमही सामाईकच ठरवू आणि पेपर त्यावर काढायला लावू. कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाचे 220 दिवस दिले आहेत. निवडणूक, सर्वेक्षणं आणि स्पर्धा वजा जाता त्यातले किती हाती राहतात, तो हिशेब केंद्रप्रमुखांनी मांडावा, अशी माझी त्यांना या व्यासपीठावरून जाहीर विनंती आहे.

जेवणानंतर प्रत्येक गटाला सातवीच्या वीस पाठांच्या चिठ्ठ्या आणि एक भिंतीवरची दिनदर्शिका मिळेल. चिठ्ठ्या हव्या तिथं चिकटवा, पण प्रत्येकीखाली कारण लिहा. चार वाजेपर्यंत सगळ्या गटांनी मिळून एक सामाईक क्रम ठरवायचा आहे, आणि 22 डिसेंबरला सावली मोजणाऱ्या शाळांची यादीही आजच करायची आहे.