व्यायाम रुग्णाच्या ओटीवर

(वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र माझा विषय नव्हे. नोंदवह्या पाहणे हे माझे काम. फिजिओथेरपी विभागाच्या नोंदवहीत गुडघेदुखीचे अनेक रुग्ण एकदोनदा येऊन दिसेनासे होत. ते बरे झाले असावेत, असा सोयीस्कर समज मी करून घेतला होता.

संगमेश्वर तालुक्यातील एका आजींच्या सूनबाईंनी तो दूर केला. तिकिटाची अडचण नव्हती. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.ने २०२२ साली मोफत प्रवास दिला आहे. परंतु पाखाडी उतरून थांब्यावर यायचे, गाडीच्या उंच पायऱ्या चढायच्या आणि सोबतीला येणाऱ्या सुनेची दिवसाची मजुरी बुडायची. ज्या गुडघ्यासाठी उपचार, त्यावरच प्रवासाचा भार पडत होता.

गुडघ्याची झीज झाली की वेदनेमुळे हालचाल कमी होते, मांडीचे स्नायू दुर्बळ होतात आणि सांध्यावरील ताण वाढतो. खुर्चीत बसून पाय सरळ करून काही क्षण धरणे, खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, अशा व्यायामांनी हे चक्र मोडता येते. त्यास महागडे यंत्र लागत नाही. सातत्य लागते आणि चूक दाखविणारी जाणकार नजर लागते.

ही नजर मोबाइलच्या पडद्यावरून पुरते काय? ऑस्ट्रेलियात ३९४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काहींना समक्ष, तर काहींना व्हिडिओद्वारे तीन महिन्यांत पाच वेळा मार्गदर्शन मिळाले. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत व्हिडिओद्वारे दिलेला उपचार उणा ठरला नाही.

अर्थात, पहिली तपासणी समक्षच व्हावी. गुडघा लाल होऊन सुजला, ताप आला, सांधा अडकला किंवा पडल्यानंतर पायावर भार देता येईना, तर रुग्णाने विनाविलंब रुग्णालयात यावे. जेथे रेंज नाही, तेथे छापील चित्रपत्रक व साधा दूरध्वनी उपयोगी पडेल.

अशा सेवेचा प्रस्ताव पूर्वी आला असता, "हा खर्च कोणत्या सदरात दाखवावा?" असा शेरा लिहून मी तो परत पाठविला होता. ती माझी चूक होती. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. फिजिओथेरपिस्टने दूरध्वनीवर दिलेल्या अर्ध्या तासावर ती लावता येत नाही. तरीही तो अर्धा तास दानास पात्र आहे.

विश्वस्तांनी त्यासाठी स्वतंत्र सदर मंजूर करावे, देणगीदारांनी त्यास हातभार लावावा आणि कुटुंबीयांनी त्या वेळी मोबाइल धरून जवळ बसावे, ही नम्र विनंती. मुंबईस्थित मुलांनी गावी फोन करताना "आज व्यायाम झाला का?" एवढे विचारले, तरी मोठे साहाय्य होईल.