परदेशी विद्यापीठाचे पत्र आणि घरचा हिशेब

मार्च महिना अर्धा सरतो न सरतो तोच, परराष्ट्रव्यवहाराच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांच्या घरी उत्तरे येऊ लागतात. पूर्वी ती टपालाने येत, आता ई-मेलने येतात; फरक काय तो एवढाच. घरातील आनंद आणि त्यामागोमाग येणारी चिंता ही पूर्वीचीच आहेत. एकाच विद्यार्थ्याला दोन-तीन ठिकाणांहून होकार आला, म्हणजे तर घरात पंचायतच भरते. मामा म्हणतात, नाव मोठे असेल तेथे जावे. वडील पेन्सिल घेऊन डॉलरचे रुपये करीत बसतात. आई विचारते, तेथून परत केव्हा येणार? तिघांचेही म्हणणे योग्यच असते. परंतु निर्णयापूर्वी चौथा एक प्रश्न विचारावयास हवा: ज्या कामासाठी हे शिक्षण घ्यावयाचे, ते काम करण्याइतका हा विद्यार्थी शिक्षण संपल्यावर मोकळा राहील काय?

या प्रश्नाचे महत्त्व कळावयाचे, तर या शिक्षणसंस्था कोणत्या गरजेतून निघाल्या हे पाहिले पाहिजे. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाची परराष्ट्रसेवेची शाळा १९१९ साली निघाली. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि अमेरिकेला जगभर पाठविण्यासाठी जाणती माणसे हवी होती. जिनीव्हाची संस्था १९२७ मध्ये राष्ट्रसंघाच्या छायेत उभी राहिली. बॉस्टनजवळील टफ्ट्स विद्यापीठाची फ्लेचर संस्था १९३३ ची. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची आज विख्यात असलेली संस्था १९४३ मध्ये, ऐन दुसऱ्या महायुद्धात, वॉशिंग्टन येथे सुरू झाली. कोलंबिया विद्यापीठाची संस्था १९४६ मध्ये, युद्ध संपताच. अमेरिकेतील या संस्थांपुढे प्रामुख्याने अमेरिकेच्याच गरजा होत्या. त्यांनी इतर देशांच्या विद्यार्थ्यांनाही मोठ्या मनाने प्रवेश दिला. पण ज्या दारांकडे त्यांचे रस्ते जातात, त्यांतील काही दारे परकीयांना बंदच राहतात.

अमेरिकेच्या परराष्ट्रसेवेत शिरण्यासाठी त्या देशाचे नागरिकत्व लागते. तेव्हा संस्थेच्या माहितीपत्रकात पदवीधरांना मिळालेल्या नोकऱ्यांचे जे कोष्टक असते, त्यातील सरकारी नोकऱ्यांचा भाग भारतीय विद्यार्थ्याने वजा करून वाचावा. उरलेले कोष्टक हेच त्याचे खरे कोष्टक होय. त्यात संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, संशोधनसंस्था, सेवाभावी संस्था, बँका आणि खाजगी सल्लागार कंपन्या येतात. संयुक्त राष्ट्रसंघाची तरुण उमेदवारांसाठी जी परीक्षा असते, तिला बत्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शिवाय ज्या देशांचे लोक संघाच्या नोकरवर्गात अपुरे असतील, त्यांच्याच नागरिकांना ती त्या त्या वर्षी देता येते. म्हणजे पदवी हातात असूनही आपल्या देशाचे नाव त्या वर्षीच्या यादीत आहे की नाही, यावर पुष्कळ अवलंबून राहते.

त्यातच २०२५ साल या क्षेत्राला फार कठीण गेले. अमेरिकेने परदेशी मदत प्रथम रोखली, मग तिची मोठी छाटणी केली, आणि १९६१ पासून हे काम पाहणाऱ्या यूएसएड या संस्थेचे कार्य त्या वर्षीच्या १ जुलैपासून परराष्ट्रखात्याकडे गेले. त्याच जुलैत परराष्ट्रखात्यातील तेराशेंहून अधिक माणसांना कमी करण्यात आले. पैशाच्या ओढाताणीमुळे संयुक्त राष्ट्रसंघानेही त्याच वर्षी आपल्या खर्चाची आणि पदांची काटछाट हाती घेतली. अनुभवी माणसे अशी मोकळी झाली, की तीही त्याच थोड्या जागांसाठी रांगेत उभी राहतात. नव्या पदवीधराला मग अनुभवाच्या पंधरा वर्षांशी झुंजावे लागते. परकीय विद्यार्थ्याला तर घड्याळही घाई करते. अभ्यासक्रमानंतर अमेरिकेत व्यावहारिक अनुभव घेण्यासाठी सामान्यतः बारा महिने मिळतात. काही ठराविक शास्त्रीय व गणिती विषयांत ही मुदत वाढते. परराष्ट्रव्यवहाराचा प्रत्येक अभ्यासक्रम त्यात बसत नाही. पुढे राहावयाचे तर नोकरी देणाऱ्याने एच-१बी परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील माणसांसाठी केलेल्या अशा नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. तेथेच नोकरी करून कर्ज फेडू, या भरवशावर ज्यांनी हिशेब मांडला असेल, त्यांनी तो पुन्हा मांडावा हे बरे.

आता पैशाकडे वळू. न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टन येथील नामांकित खाजगी संस्थेची एका वर्षाची फी साठ हजार डॉलरच्या पुढे जाते आणि अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असतो. घरभाडे, जेवण, आरोग्यविमा यांचा खर्च निराळा. होकाराच्या पत्रात शिष्यवृत्तीचा आकडा ठळक असतो. तो पाहून हरखून जाण्याआधी पत्राची प्रत्येक ओळ सावकाश वाचावी. ही मदत एका वर्षाची की दोन्ही वर्षांची? दुसऱ्या वर्षी ती चालू राहण्यास गुणांची अट आहे काय? ती केवळ फीतील सूट आहे, की राहण्याखाण्यासाठी रोख रक्कमही आहे? प्राध्यापकांच्या हाताखाली मदतनीसाचे काम मिळेल असे म्हटले आहे, की ते नक्की देऊ असे म्हटले आहे? आणि दोन वर्षांमधील उन्हाळ्याचे काय? त्या काळात विद्यार्थ्याने इंटर्नशिप, म्हणजे उमेदवारी, करावी अशी अपेक्षा असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयात अशा उमेदवारीला वेतन नसते. न्यूयॉर्क वा जिनीव्हासारख्या महागड्या शहरात उन्हाळा स्वतःच्या पैशाने काढावा लागतो. हा खर्च कोणत्याही पत्रात छापलेला नसतो.

समजा, सर्व मदत वजा जाता पन्नास लाख रुपयांचे कर्ज काढावे लागले. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर हप्ता दरमहा सुमारे ६६,००० रुपये पडतो आणि एकूण फेड ७९ लाखांच्या घरात जाते. शिक्षणाच्या काळात चढलेले व्याज यात धरलेले नाही. आता त्याच विद्यार्थ्याला भारताच्या परराष्ट्रसेवेत जावयाचे असेल, तर काय चित्र दिसते? सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून त्या सेवेतील नव्या अधिकाऱ्याचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये ठरविले. भत्ते त्याहून वेगळे मिळतात, हे खरे. तरी हप्ता मूळ वेतनाहून मोठा आहे. शिवाय त्या सेवेसाठी जी नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते, तिला मान्य विद्यापीठाची कोणतीही पदवी पुरते. परदेशातील पदव्युत्तर पदवीची अट तेथे नाही. सर्वसाधारण उमेदवाराला बत्तीस वर्षांपर्यंत सहा वेळा प्रयत्न करता येतो. त्यांतील दोन उमेदीची वर्षे आणि पन्नास लाख रुपये कशासाठी खर्च होत आहेत, याचे उत्तर त्याच्यापाशी असले पाहिजे.

‘ऋण काढून सण करू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. शिक्षण हा सण नव्हे, हे मान्य. परंतु या क्षेत्रातील कर्जाचा एक विशेष आहे. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला माणूस कर्ज फेडण्यासाठीही वैद्यकीच करतो. परराष्ट्रव्यवहार शिकलेला माणूस मात्र कर्ज फेडण्यासाठी पुष्कळदा परराष्ट्रव्यवहारच सोडतो. निर्वासितांसाठी काम करावे म्हणून गेलेला तरुण सल्लागार कंपनीत जातो आणि दोन वर्षांनी परत वळेन असे स्वतःस सांगतो. सल्लागाराचे काम हलके आहे असे नव्हे. पण ती निवड त्याने केलेली नसते. हप्त्याने केलेली असते.

मग ज्याची सर्व फी भरली गेली, तो तरी मनाजोगते काम करतो काय? याचेही सरळ उत्तर नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संस्थेला १९६१ मध्ये रॉबर्टसन दांपत्याकडून साडेतीन कोटी डॉलरची देणगी मिळाली. सरकारी सेवेसाठी, विशेषतः परराष्ट्रव्यवहारासाठी, माणसे तयार व्हावीत हा देणगीचा हेतू होता. २००२ मध्ये त्या कुटुंबातील मंडळी न्यायालयात गेली. फार थोडे पदवीधर सरकारी सेवेत जातात, देणगीचा हेतू पाळला जात नाही, अशी त्यांची तक्रार होती. विद्यापीठाने ती मान्य केली नाही. अखेर २००८ मध्ये तडजोड झाली. यातून एवढेच घ्यावयाचे, की पैशाची अडचण दूर झाल्याने वाट मोकळी होते. त्या वाटेने चालणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

म्हणून काही शिष्यवृत्त्या परत येण्याची अट घालतात. ब्रिटनची चिव्हनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्याने शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे, असा तिचा नियम आहे. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीलाही तशीच अट आहे. ही अट पाहून काही घरे बिचकतात. पण बंधन कर्जाचेही असते आणि कराराचेही असते. त्यांतील कोणते आपल्या कामाच्या दिशेने नेते, हे पाहावयाचे. बडोद्याच्या मराठी माणसाला हा विचार नवा नाही. १९१३ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, असा करार होता. त्या साडेअकरा पौंडांनी देशाला काय दिले, हे सांगावयास नकोच. परंतु कराराची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १९१७ मध्ये आंबेडकर वचनाप्रमाणे बडोद्यास नोकरीवर आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना नगरात राहावयास जागा मिळेना आणि अखेर तेथून निघावे लागले. लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते १९२० मध्ये पुन्हा गेले, ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. शिष्यवृत्ती, करार, शिल्लक आणि ऋण या चारही गोष्टी त्या एका विद्यार्थ्याच्या वाट्यास आल्या. ऋण काढले, तेव्हा त्यांना आपले काम पुरते ठाऊक होते. जो करार करावयाचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणते काम आणि कशी वागणूक वाट पाहत आहे, हे आधी विचारावे, असा धडा या हकिकतीतून मिळतो.

विचारण्याची भीड आपल्या लोकांत फार. शिष्यवृत्ती अपुरी वाटली, तर संस्थेला नम्रपणे तसे लिहिण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या संस्थेने अधिक मदत देऊ केली असेल, तर तेही लिहावे. कित्येकदा उत्तर नकाराचे येते, कधी रक्कम वाढतेही. पत्र लिहिल्यामुळे दिलेला प्रवेश कोणी काढून घेत नाही. अनेक अमेरिकन विद्यापीठांनी असा ठराव मान्य केला आहे, की आर्थिक मदतीसह आलेल्या होकाराला उत्तर देण्यास विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत मुदत असावी. या अवधीत त्या संस्थेच्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी बोलावे. मात्र ते अमेरिकन नागरिक नसलेले असावेत. पदवीनंतर तीन वर्षांनी तुम्ही कोठे होता आणि कर्ज किती उरले होते, एवढे दोन प्रश्न त्यांना पुरेत.

आणि यंदा कोठेच जुळले नाही, तर एक वर्ष थांबण्याने आयुष्य वाया जात नाही. त्या वर्षात नोकरीचा अनुभव घेता येतो, फ्रेंच किंवा अरबी भाषा शिकता येते; या दोन्ही संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी आहेत. मायदेशीही वाटा आहेत. दिल्लीत १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय अध्ययनाची संस्था स्थापन झाली. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली, आणि तेथील शिक्षणाला घर गहाण टाकावे लागत नाही.

तेव्हा घरच्या पंचायतीने सर्व पत्रे एका ओळीत मांडावीत आणि प्रत्येकाखाली तीन आकडे लिहावेत: दोन वर्षांनी उरणारे कर्ज, त्याचा मासिक हप्ता, आणि जे काम करावेसे वाटते त्यातील पहिले वेतन. हप्ता देऊनही त्या वेतनात साधेपणाने राहता येत असेल, तर मोठ्या नावाकडे खुशाल जावे. येत नसेल, तर धाकट्या नावाचे, पण फी माफ करणारे पत्र पुन्हा एकदा वाचावे. वडिलांची पेन्सिल आणि मुलाचे स्वप्न यांचे तेथे बहुधा एकमत होते.