दुकान ‘वाढवलं’, म्हणजे काय केलं?

रात्री साडेनऊच्या सुमाराला पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानात गेलात, तर मालक म्हणतो, “आता दुकान वाढवतोय, उद्या या.” नव्या माणसाला वाटावं, शेजारचा गाळा घेतला की काय! पण इथे वाढवणं म्हणजे बंद करणं. ‘बंद’ हा शब्द धंद्याच्या जागी अशुभ. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवते; नारळ वाढवतात; तसंच दुकानही वाढवतात.

दुकानदारीच्या बोलीत असे शब्द बरेच. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती होईपर्यंत उधारीचं नाव काढायचं नाही, हे जुन्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं आणि मग दोन, तीन मोजायचे. १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्यानं आला, शेर-छटाक गेले. पण पाव किलोला ‘पावशेर’ म्हणणारे अजून आहेत. वजनात हात मारण्यालाही शब्द होते, काटा मारणं आणि दांडी मारणं. आज कचेरीला दांडी मारणाऱ्याला तराजूची दांडी आठवतही नसेल.

हे झाले उघड शब्द. काही शब्द मात्र गिऱ्हाइकाला कळू नयेत म्हणूनच जन्माला आले. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांची आणि दलालांची ‘नंदभाषा’ ही अशी सांकेतिक बोली. तिच्यात एक म्हणजे केवली, दोन म्हणजे आवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू आणि दहा अंगुळू. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना दोघं व्यापारी भाव ठरवून मोकळे! ही बोली फार जुनी असावी. संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर असलेल्या एका अभंगात पाच मुखांच्या, तीन डोळ्यांच्या, दहा हातांच्या शंकराचं वर्णन याच आकड्यांनी केलेलं आहे. बाजारातली चोरटी भाषा देवाच्या पायाशी नेणारा हा संत खरोखर धीट म्हणायचा.

कापडाच्या दुकानात याचाच दुसरा प्रकार होता. एकही अक्षर दोनदा येत नाही असा दहा अक्षरांचा शब्द घ्यायचा, प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यायचा आणि खरेदीची किंमत त्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहायची. विक्रेत्याला चिठ्ठी पाहून कळे, घासाघीस कुठवर सोसायची. पुढे बंद पाकिटांवर सर्व करांसह कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं आणि निदान तिथे तरी गुपिताची गरज कमी झाली.

मग मोठी स्वयंसेवा दुकानं आली आणि बोली पार बदलली. दारातून किती माणसं आत आली, तो ‘फुटफॉल’. त्यातल्या किती जणांनी खरेदी केली, ते ‘कन्व्हर्जन’. कोणता डबा कोणत्या फळीवर ठेवायचा, त्याचा नकाशा म्हणजे ‘प्लॅनोग्राम’. चोरी, मोडतोड आणि हिशेबातल्या चुका मिळून जी तूट येते, ती ‘श्रिंकेज’. ‘फिफो’ म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर; म्हणून दह्याचा जुना डबा पुढे आणि ताजा मागे. हे गुपित कळलेल्या गृहिणी हात मागपर्यंत घालतात!

या नव्या बोलीत गिऱ्हाइकाच्या प्रत्येक पावलाला शब्द आहे. जी मुलगी दिवसभर उभी राहून ती पावलं मोजते, तिच्या पायांसाठी मात्र शब्द नाही. जुन्या कापड दुकानात पांढरीशुभ्र गादी असे. विकणारा आणि घेणारा दोघंही तिच्यावर बसत. ठाण काढून देणारा गडी तेव्हाही उभाच असायचा, हेही खरं. केरळात दुकानांतल्या स्त्रिया कामाच्या वेळेत बसू देण्यासाठी झगडल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकानविषयक कायद्यात बसण्याची सोय सक्तीची झाली. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली. स्टूल ठेवण्यासाठी कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

धंद्याची बोली दुकानात कोणाची किंमत किती, तेही सांगते. अपशकुन टाळायला आपण ‘बंद’ला ‘वाढवणं’ म्हणालो, ती भाषेची माया होती. तिचा थोडा वाटा काउंटरपलीकडच्या माणसालाही मिळायला हवा. त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. गिऱ्हाईक पायरी चढलं की आपला दुकानदार पहिल्यापासून जो शब्द उच्चारत आला, तोच पुरेसा आहे : “बसा.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)