हलकी मोटार, भारी मोटार



फवारणीचं ड्रोन आता पुष्कळांनी पाहिलंय. त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, एवढीशी मोटार ड्रोन उचलते, मग आमच्या विहिरीवरचं धूड कशाला?"

हिशेब करू. छंदाच्या विमानाला लावतात ती पाव किलोची मोटार १ किलोवॅटच्या आसपास वीज घेते. आपली ५ अश्वशक्तीची, १४४० फेऱ्यांची बिडाची मोटार ३.७ किलोवॅट देते आणि भरते सुमारे ४० किलो. म्हणजे किलोमागे छोटी मोटार चाळीसपट दिसते. पण दिसतं तसं नसतं.

एक, छोटीचा आकडा बहुधा बॅटरीतून ओढलेल्या विजेचा असतो. मोठीच्या पाटीवरचा आकडा दांड्यावर मिळणाऱ्या ताकदीचा. दोन, छोटी मिनिटाला हजारो फेरे घेते. ताकद म्हणजे पीळ गुणिले फेरे. फेरे वाढले की कमी लोखंड-तांब्यात काम भागतं. तीन, तिच्यात जबर लोहचुंबक असतात आणि पंख्याचा वारा तिला थंड ठेवतो. तरीही पूर्ण जोर काही मिनिटंच. शर्यतीचा खोंड मोटेला जुंपून चालेल का?

विहिरीवरच्या मोटारीला आठ-आठ तास ओढायचं असतं. तिचं लोखंड आणि तांबं उष्णता पेलतं. वायंडिंग नेमापेक्षा १० अंश जास्त तापत राहिलं, तर इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यात विजेचा दाब उतरला की मोटार जादा अँपिअर ओढते आणि आणखी तापते.

म्हणून खरेदीच्या वेळी एवढं पाहा :

१. अश्वशक्ती आणि फेरे सारखे असतील तरच वजनाची तुलना करा. २८८० फेऱ्यांची मोटार मुळात हलकी असते. पाण्यात बुडणाऱ्या मोटारीची घडणच वेगळी, तिची तुलना इथे करू नका.

२. पाटीवर किलोवॅट, अँपिअर, फेरे आणि 'एस-१' म्हणजे सतत चालण्याची खूण वाचा.

३. सारख्याच मोटारींत एखादी फारच हलकी आणि स्वस्त असेल, तर तांबं-लोखंड कुठे कमी केलंय ते विचारा.

४. साधा डीओएल स्टार्टर असेल तर ओव्हरलोड रिले पाटीवरच्या अँपिअरला लावून घ्या.

ऐन हंगामात मोटार जळाली, तर रिवाइंडिंगचा खर्च एकवेळ सोसवतो. पण तोवर चुकलेली पाण्याची पाळी पिकाला परत देता येत नाही.