माणूस गाव सोडून मुंबईला का येतो?



आज नाक्यानाक्यावर एक प्रश्न ऐकू येतो. "ही माणसं इथं येतातच कशाला?" राहायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, लोकलमध्ये पाय ठेवायला ठाव नाही, खोलीचं भाडं पगार खाऊन टाकतं. तरी दर गाडीला नवी माणसं उतरतात. हा प्रश्न विचारणाऱ्यांत गिरणी कामगारांचे नातूही आहेत. म्हणून त्याचं उत्तर आपण बाहेर शोधायचं नाही. ते आपल्याच घरात आहे.

१८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाली, १८५६ साली ती चालू झाली. पुढे परळ-लालबागचं गिरणगाव उभं राहिलं. ते कुणाच्या हातांनी? सर्वांत जास्त रत्नागिरीच्या. मग सातारा, पुणे, कोल्हापूर, सोलापूरकडच्या घाटावरच्या. तुमचा आजा, पणजा मुंबई बघायला आला नव्हता. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण पाणी उतारावरून थेट दर्याला जातं. भाताचं एक पीक निघालं की जमीन आठ महिने उघडी. त्या पिकातूनही खोताचा वाटा आधी उचलला जाई. मागे राही ते दिवाळीपर्यंतही पुरत नसे. सावकाराला आणि सरकारला मात्र रोकडा पैसा हवा. भात पिकवून रोकडा हाती येत नाही, पगारातून येतो. म्हणून घरातला एक पोरगा मुंबईला आणि बाकीचे शेतावर, असा संसार दोन ठिकाणी वाटला गेला. मनिऑर्डर आली की गावात चूल पेटायची.

आणखी एक कारण होतं, ते विसरून चालणार नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला पोटाबरोबर मानही हवा होता. गावात त्याची जात त्याच्या आधी चालायची. शहरात गर्दीत तरी माणूस म्हणून चालता येईल, ही आशा होती. ती पुरती खरी ठरली नाही. साचेखात्यात धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथं उभं करत नसत. जास्त पगाराचं काम त्याला बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. खोती रद्द करण्याचं बिलही १९३७ साली त्यांनीच मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. गावातला खोत आणि गिरणीतला अन्याय, दोन्हींची गाठ त्यांनी ओळखली होती.

आता सांगा, इथं काय सुख होतं? जॉबरला चिरीमिरी दिल्याशिवाय काम नाही. बदलीवाल्यानं रोज दारात उभं राहायचं, हाक आली तर हजेरी, नाही तर परत खोलीवर. छातीत कापसाची धूळ. १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसं. पहिल्या पाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर तिसऱ्या पाळीवाला पडायचा. १८९६ साली प्लेग आला तेव्हा लाखो माणसं गावाकडे पळाली. आणि साथ ओसरल्यावर पुन्हा आली.

का आली? वेडी होती म्हणून? नाही. त्यांचा हिशेब पक्का होता. शहरातलं दुःख मोठं, पण त्याला महिन्याअखेर पगाराची तारीख होती. गावातल्या दुःखाला तारीखच नव्हती. शिवाय गावचा माणूस गावच्या माणसाला ओढतो. गावकी खोलीत पथारीला जागा मिळते, खानावळवाली मावशी पगार होईपर्यंत जेवू घालते, चुलता जॉबरकडे शब्द टाकतो. एवढ्या तीन गोष्टींच्या आधारावर माणूस आगबोटीत बसतो.

याची किंमत मात्र कुणीतरी भरलीच. ती गावातल्या बाईनं भरली. २०११ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बाया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२. हे दोन आकडे शेजारी ठेवा. दीडशे वर्षांच्या ताटातुटीचा हिशेब त्यात आहे. लावणी, कापणी, सासूसासरे, पोरांची शाळा, सगळं एकटीनं ओढणारी ती बाई कुठल्याच गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती. पण तिच्या कष्टावर मालकानं कामगार स्वस्तात वापरला. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, की त्याला पोसायला गाव होताच.

पुढची गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोरची आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. पण कापड नेसायचं कुणी थांबवलं का? काम भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या मागांवर गेलं. भिवंडीत त्या मागावर आज कोण उभं आहे? उत्तर प्रदेशचा, बिहारचा, तेलंगणाचा माणूस. बारा-बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, अनेकांचं झोपणं गाळ्यातच. तुमची खानावळ होती, त्याची भिस्सी आहे. तुमची मनिऑर्डर होती, तो मोबाइलवरून पैसे धाडतो. त्याच्या गावीही जमिनीचा तुकडा पुरत नाही, त्याचीही बायको शेतावर एकटी आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हा माणूस पायी गावाकडे निघाला. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड इथं रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाले होते. आणि गेलेली माणसं काही महिन्यांत परत येऊ लागली. प्लेगनंतर तुमचा पणजा आला, तशीच.

मग आपलं त्याच्याशी वैर कशाचं? २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या झेलणाऱ्यांनी मराठी माणसाचं राज्य मागितलं. दुसऱ्या भाषेच्या कामगाराची भाकर काढून घ्यायला ते मेले नव्हते. त्या चळवळीचे शाहीर अण्णाभाऊ साठे स्वतः वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले होते आणि गिरणीत राबले होते. सोलापुरात १८७७ साली पहिली गिरणी निघाली, तिथल्या मागांवर तेलुगू बोलणारा पद्मशाली उभा राहिला आणि सोलापूरकर झाला. इथं राबतो त्याला इथली भाषा शिकवा, मानानं शिकवा, आपल्या युनियनमध्ये घ्या. नवा माणूस एकटा राहिला तर मालक त्याला कमी मजुरीत राबवतो, आणि मग तोच दर तुमच्या मुलाला दाखवतो. मजुरी पाडणारा तो नाही. त्याचं एकटेपण मजुरी पाडतं, आणि त्या एकटेपणावर मालकाची तिजोरी भरते.

पण मी असंही म्हणणार नाही की सगळं ठीक आहे. १ मे १९६० ला राज्य मिळालं तेव्हा वाटलं होतं, आता गाव सोडावं लागणार नाही. काय झालं? २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९७ हजार माणसं होती, २०११ साली १६ लाख १५ हजार राहिली. सिंधुदुर्गातही घट. आणि त्याच दहा वर्षांत खुद्द मुंबई शहर जिल्ह्यातली वस्तीही घटली. गिरणगावातून कामगार वसई-विरार-कल्याणला फेकला गेला. म्हणजे आपला माणूस गावातूनही सुटला आणि शहरातूनही. त्याला बिहारच्या माणसानं हुसकलं नाही. शेताला पाणी नसल्यानं तो गावातून सुटला आणि जमिनीच्या भावानं शहरातून.

उपाय नाही असं नाही. याच राज्यानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. गावात काम मागेल त्याला काम, हे महाराष्ट्रानं आधी मान्य केलं. देशाचा कायदा २००५ साली आला. आठवड्याची सुट्टी १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यानं मिळाली. गिरणी कामगारांना घरांची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली, तीही मोर्चे काढल्यावरच. मालकानं आपण होऊन काही दिलेलं नाही.

म्हणून तीन गोष्टी मागा. गावात पाणी आणि काम मागा, म्हणजे पोरगा जाईल तो आपल्या खुशीनं जाईल. शहरात राबणाऱ्याला राहण्याजोगी खोली मागा. आणि एका मागाला एकच दर मागा, मग मागावरच्या माणसाची बोली कुठलीही असो.

घरी गेलात की नातवाला जवळ बसवा. पणजोबा कुठल्या बंदरावरून आले, पहिल्या रात्री कुणाच्या खोलीत झोपले, ते त्याला सांगा. मग "ही माणसं येतातच कशाला" हे तो पुन्हा विचारणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!